कल्हईची वायर

(लघुमाहितीपटाचं निवेदन)

(दृश्य : अंगण, छपरावरून. शेणानं सारवलेल्या जमिनीवर पसरलेल्या वायरी.)

सकाळचे दहा. गडग्यापलीकडून जाणारा प्रत्येक जण थांबतो आणि एकच विचारतो, "जाळं शिवताय काय?" लांबून दिसतंही तसंच. समुद्र हाकेच्या अंतरावर, त्यामुळे अंगणात काही पसरलेलं दिसलं की आधी जाळंच आठवतं. या वायरी आहेत. एका मॅटाडोरच्या पोटातून काढलेल्या, सगळ्याच्या सगळ्या. सुपारी तोलायच्या काट्याला लावल्या तेव्हा साडेअकरा किलो भरल्या. त्यात तांबं किती आणि नुसती चिकटपट्टी किती, हे मात्र काटा सांगत नाही.

गाव गुहागर तालुक्यातलं. घर कौलारू, मागे नारळी-सुपारीची वाडी, आणि पुढे मांडवाखाली ही गाडी. १९९१ सालची.

(दृश्य : मॅटाडोरचं तोंड, गोल दिवे, पत्र्यावरचा गंज.)

ज्यांनी नव्वदच्या दशकात शाळेची सहल केली असेल, त्यांना या गाडीची ओळख करून द्यायला नको. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेम्पोच्या कारखान्यात ही बनायची. मूळ आराखडा जर्मनीतला. १९५८ साली ही कंपनी जर्मन सहकार्यानं सुरू झाली, आणि तिच्या तीनचाकीवरून 'टेम्पो' हा शब्द मराठीत असा मुरला की आता कुठल्याही कंपनीचा छोटा मालवाहू आपल्याला टेम्पोच असतो. मॅटाडोरनं काय वाहिलं नाही? दूध, वऱ्हाड, गणपती, आजारी माणसं. या गाडीनं आधी पोरं वाहिली आणि मग सहा-सात वर्षं हर्णै बंदरावरची मासळी. बर्फ वितळायचा, मिठाचं पाणी फळ्यांमधून खाली झिरपायचं, आणि फळ्यांखालूनच मागच्या दिव्यांची वायरिंग गेलेली. पुढची सगळी गोष्ट त्या पाण्यातच आहे.

आताच्या मालकानं ती घेतली तेव्हा डोक्यात एकच होतं : हिच्यात राहायचं. मागे पलंग, बाजूला वीतभर रुंदीचा ओटा, पाण्याची टाकी, छपराला झडप. सुतारकाम त्यानं स्वतः केलं, फणसाच्या फळ्या वापरून. फणसाचं लाकूड ताजं असताना हळदीसारखं पिवळं दिसतं, पुढे काळपट होत जातं. ओट्याची कड अजून पिवळीच आहे. इंजिन चिपळूणला उतरवलं, तेव्हा आम्ही तिथे नव्हतो, म्हणून ते इथे नाही.

(दृश्य : रात्र. गाडीची मागची बाजू. मूळ आवाज : "दाब!... सोड!")

हे जुनं चित्रण, त्यानंच मोबाइलवर घेतलेलं. ब्रेक दाबला की ब्रेकचा दिवा लागायला हवा. तो जेमतेम लागतोय, पण शेजारचा इंडिकेटरही मिणमिणतोय. इंडिकेटरला कुणी हातसुद्धा लावलेला नाही.

वायरमन लोकांना हे दुखणं एका नजरेत कळतं. गाडीत दिव्याकडे एकच वायर जाते, परतीची वाट गाडीच्या पत्र्यातूनच असते. तिला म्हणायचं बॉडी अर्थ. जिथे दिवा पत्र्याला टेकतो तिथे गंज चढला की ती वाट बंद. मग करंट दुसरी वाट शोधतो, शेजारच्या बल्बमधून उलटा शिरतो आणि तिकडून पत्रा गाठतो. म्हणून एकाचं बटण दाबलं की दुसरा पेटतो. मागच्या गाडीवाल्यानं काय समजायचं? वळतोय की थांबतोय?

यावर नेहमीचा उपाय म्हणजे एक जादा वायर टाकून मोकळं व्हायचं. तीस वर्षांत या गाडीला तेच होत आलं होतं.

(दृश्य : फ्यूज बॉक्स, अगदी जवळून.)

हा फ्यूज बॉक्स. पांढऱ्या चिनीमातीचे जुने फ्यूज, आठ आहेत. तिसऱ्यावर चमकतंय ते काय? सिगरेटच्या पाकिटातला चांदीचा कागद. पाचव्यात तांब्याच्या तारेचा पीळ. गॅरेजच्या भाषेत 'डायरेक्ट केलंय'. फ्यूजचं काम असतं वायर तापायच्या आधी स्वतः वितळायचं. तो डायरेक्ट केला की वितळायची पाळी वायरीवर येते. डॅशबोर्डमागचा हा काळा डाग त्यातलाच, कुंभार्ली घाटात एका रात्री पडलेला. त्या रात्रीचं चित्रण अर्थातच नाही.

घाटातून परतल्यावर त्यानं ठरवलं : ठिगळं बास. सगळी वायरिंग बाहेर काढायची आणि पहिल्या वायरीपासून नवी घालायची.

(दृश्य : मुलगी ग्राफ पेपरवर रेघा ओढतेय.)

पण आधी काढलेलं वाचायला हवं. हे काम बारावीच्या परीक्षेतून नुकत्याच सुटलेल्या मुलीकडे आलं. प्रत्येक वायर सोडायच्या आधी तिच्या दोन्ही टोकांना कागदी चिकटपट्टी, पट्टीवर बॉलपेननं नाव. 'डा. डिपर'. 'उ. मागचा इंडि.' 'हॉर्न, बटणाकडून'. 'कुठेच जात नाही'. या शेवटच्या नावाच्या पट्ट्या सतरा निघाल्या. कुणीतरी कधीतरी टाकलेल्या, दोन्ही टोकांनी मेलेल्या वायरी. एक थेट छपरापर्यंत जाऊन टेपच्या गोळ्यात संपत होती. तिथे कधीकाळी टेप रेकॉर्डरचा स्पीकर असणार.

चौदा सर्किटं सापडली. चौदाही कागदावर आली. मूळ पुस्तिकेतला नकाशा आणि गाडीतली वस्तुस्थिती यांची भेट जेमतेम निम्म्या ठिकाणी झाली.

(दृश्य : पकडीनं वायर सोलताना, जवळून.)

आता हे नीट बघा. ही मागच्या दिव्याची वायर. वरचं प्लास्टिक शाबूत, कुठे चीर नाही. टोक सोललं, आत तांबं काळं-हिरवं. वीतभर मागे कापलं. काळं. आणखी वीतभर. तरी काळं. वायरीच्या आत बारीक तारा पिळलेल्या असतात. कंदिलाची वात जसं रॉकेल ओढते, तसं टोकाला लागलेलं खारं पाणी या तारांमधून आत आत चढत जातं. शेवटी लालसर तांबं दिसलं ते चौथ्या कापानंतर. अशा वायरीला नवं टोक लावून उपयोग काय? कोकणात किनाऱ्यालगत गाडी ठेवणाऱ्या कुणालाही विचारा, पत्र्याचा गंज दिसतो म्हणून सगळे त्याच्याशी लढतात. हा गंज दिसतच नाही.

म्हणून नवी वायर घेतली ती बोटींवर वापरतात ती. हिच्यातली प्रत्येक बारीक तार रुपेरी दिसते, कारण तांब्यावर कथलाचा मुलामा आहे. घरातल्या आजींनी एक तुकडा हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "ही तर कल्हई." बरोबर आहे. पितळेच्या पातेल्यात आंबट शिजवताना कळकू नये म्हणून आतून जे लावायचे, तेच कथील.

(मूळ आवाज : भात्यासारखा फुस्स आवाज, मग वायरमन काकांचं हसणं.)

हे वायरमन काका. वय सत्तरीच्या पुढे, बाजारपेठेतलं दुकान आता मुलगा बघतो. काकांना बोलावलं होतं सल्ल्याला, पण पहिल्याच दिवशी वाद झाला. जोड कसा द्यायचा? काकांचं म्हणणं, डाग द्यायचा. वायरी पिळायच्या, तापवायच्या, कथील-शिशाचा डाग. यानं चार पुस्तकं वाचलेली. गाडीत डाग नको, पितळी थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकावर बसणारी छोटी नळी, घालून दाबायचं. डागाचं कथील वायरीत वर चढतं, तेवढा तुकडा काडीसारखा ताठ होतो, आणि गाडीच्या हादऱ्यांनी ताठ संपतं तिथे वायर मोडते.

"अरे, माझे डाग तीस-तीस वर्षं चाललेत," काका म्हणाले.

आणि मग हे घडलं. जुन्या ढिगातून काकांनी एक वायर ओढली, जोडावरची कापडी टेप नखानं सोलली, आणि थांबले. "हा माझा." टेपखाली कापूस गुंडाळायची खोड त्यांचीच, तालुक्यात दुसरं कुणी ते करत नाही. डाग उघडला. आत चांदीसारखा लख्ख. काकांचा चेहरा बघा. मग त्यांनीच वायर बोटांत धरून जरा वाकवली. डागापासून बोटभर अंतरावर ती आत तुटलेली होती, वरच्या प्लास्टिकनं नुसती लोंबत ठेवलेली.

दोघंही बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्यानंतर थिंबल दाबायचा पाना काकांच्या हातात गेला तो शेवटपर्यंत त्यांच्याचकडे राहिला. पद्धत अशी : वायर सोलायची, थिंबलात घालायची, पाना 'कट्' वाजेपर्यंत दाबायचा. मग जोर लावून ओढून बघायची. सुटली तर आत्ताच सुटू दे. मग त्यावर आतून गोंद असलेली नळी सरकवायची आणि गरम हवा द्यायची. नळी आवळते आणि दोन्ही कडांनी गोंदाचा बारीक थेंब बाहेर येतो. थेंब दिसला की आत पाणी शिरायची वाट बंद. असे दोनशेच्या वर जोड. काका प्रत्येक थेंब बघायचे.

(दृश्य : मल्टिमीटरचा आकडा.)

पुढच्या दिव्यांचं जुनं मोजमाप त्यानं वायरिंग काढायच्या आधी घेतलं होतं. बॅटरीवर १२.४ व्होल्ट. बल्बच्या टोकाला १०.६. मधले १.८ व्होल्ट जुन्या वायरी, स्विच आणि गंजलेल्या जोडांनी खाल्ले. आकडा लहान वाटतो, पण बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगानं घसरतो. एवढ्यानं सुमारे चाळीस टक्के उजेड जातो. मॅटाडोरचे दिवे मिणमिणते असतात असं आपण सगळे म्हणत आलो. दिव्यांची चूक नव्हती.

आता साठ वॅटचे दोन बल्ब मिळून दहा अँपियर करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून जात नाही. स्विच फक्त रिलेला इशारा देतो, आणि रिले बॅटरीतून थेट जाड वायरीनं दिव्यांना पोचवतो. नवा आकडा : १२.१.

अर्थचंही तसंच. प्रत्येक दिव्यापासून स्वतंत्र परतीची वायर, सगळ्या एका जाड बोल्टवर. बोल्टाखालचा रंग पॉलिश पेपरनं पत्रा चकाकेपर्यंत खरवडला, आवळला आणि वर व्हॅसलीनचा लेप दिला. ओठांना लावतात तेच.

राहण्याच्या भागाची बॅटरी वेगळी, शंभर अँपियर-तासांची लिथियम. इंजिनची बॅटरी आणि ही, दोघींची चूल वेगळी. रात्रभर पंखा लावला तरी सकाळी गाडीचा सेल्फ मारायला इंजिनची बॅटरी भरलेली. दोघींना थेट जोडायचा मोह होतो. पण लिथियम बॅटरी रिकामी असली की मिळेल तेवढा करंट ओढते, आणि गाडी नुसती उभी राहून चालू असेल तर ऑल्टरनेटर तापून जळू शकतो. म्हणून मध्ये एक चार्जर, जो मोजूनमापून देतो. छपरावर दोनशे वॅटचं सोलर पॅनेल आहे, एप्रिलपर्यंत त्यानं उत्तम काम केलं. आषाढात ते काय करणार, हे कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको. घरच्या विजेसाठी वेगळं सॉकेट, वेगळी नळी, गळती झाली तर क्षणात तोडणारा ब्रेकर. २३० व्होल्ट आणि १२ व्होल्ट एका नळीत घालायचे नाहीत, यावर काका आणि तो पहिल्याच दिवशी एक होते.

(दृश्य : फ्यूज बॉक्सचं झाकण उघडताना.)

नवा फ्यूज बॉक्स ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ आहे, वाकून दिसेल असा. झाकणाच्या आत मुलीनं काढलेला नकाशा, प्लास्टिकमध्ये बंद. मराठीत. प्रत्येक वायरीच्या टोकाशी पारदर्शक नळीखाली नाव. उद्या रात्री अकरा वाजता हातखंब्याच्या तिठ्यावर गाडी बंद पडली, तर टॉर्च तोंडात धरून वाकलेल्या अनोळखी वायरमनला कुणाला फोन करावा लागू नये, एवढ्यासाठी. आदल्या तीस वर्षांत या गाडीला हात लावलेल्या एकानंही मागे एक चिठ्ठी ठेवली नव्हती. काकांनीसुद्धा नाही. हे काकाच म्हणाले.

गाडीत बदल केला की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे त्याची नोंद नोंदणी पुस्तकात व्हावी लागते. ते कागद अजून फिरतायत, तोवर गाडी गावाबाहेर गेलेली नाही. खर्च ठरवल्याच्या दुप्पट झाला. यंदा वाडीला पाणी वेळेवर मिळालं नाही. त्याबद्दल त्याची बायको कॅमेऱ्यासमोर काही बोलली नाही.

(दृश्य : मे महिन्याची संध्याकाळ. काळं आभाळ, माड वाकलेले.)

मे संपत आलेला. वळवाचा पाऊस आला आणि नेहमीप्रमाणे सगळ्या वस्तीची वीज गेली. निसर्ग चक्रीवादळ झालं ३ जून २०२० ला. त्यानंतर उत्तर रत्नागिरी आणि रायगडच्या किनाऱ्यावर कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तेव्हापासून वीज गेली की इथे माणसं आधी मोबाइलची बॅटरी बघतात. अर्ध्या तासात मॅटाडोरच्या ओट्यावर नऊ मोबाइल चार्जिंगला लागले होते. कुणाचा कुठला, ते कळावं म्हणून मुलीनं त्यांनाही चिकटपट्टीची नावं लावली.

पाऊस थांबल्यावर काका छत्री मिटून ड्रायव्हरच्या जागेवर चढले. तो मागे जाऊन उभा राहिला, चिखलात, मोबाइलचा कॅमेरा सुरू करून. मागच्या वेळी होता तिथेच.

(मूळ आवाज.)

"दाबू?"

"दाबा काका."

"लागला?"

"लागला."

"आणि इंडिकेटर?"

"गप्प आहे."

"परत दाबतो. नीट बघ."

(दृश्य : ओल्या अंगणात पडलेला लाल उजेड. तो जातो, पुन्हा येतो.)