पॉइंट : भिंतीतला, इंजिनातला आणि रुळावरचा

(दृश्य : गिलाव्याआधीची भिंत, खाचेत बसवलेले पाइप)

महाबळेश्वरला टॅक्सीचं भाडं किती पॉइंट दाखवणार यावर ठरतं. घराच्या वायरिंगची मजुरीही पॉइंटवरच ठरते. इथं पॉइंट म्हणजे बोर्डावरच्या बटणापासून दिव्यापर्यंतचा सगळा मार्ग, पाइप आणि वायरसकट. एका बटणावर दोन दिवे असले तर कुणी एक पॉइंट धरतं, कुणी दोन. भिंत फोडण्याआधीच हे कागदावर लिहून घ्यावं. जिन्यातला दिवा खालून आणि वरून लावायचा तर टू-वे पॉइंट लागतो; त्याचं बटण वेगळं, वायर जास्त, म्हणून दरही जास्त.

(दृश्य : लहान आणि मोठं सॉकेट शेजारी शेजारी)

साधा प्लग पॉइंट 6 अँपिअरचा, पॉवर पॉइंट 16 अँपिअरचा. 2,000 वॅटचा गिझर 230 व्होल्टला साधारण 8.7 अँपिअर ओढतो. तो कन्व्हर्टर पिन लावून साध्या पॉइंटवर चालवला, की सॉकेटमधली पितळी पत्ती तापून सैल होते. पिन ढिली बसते आणि ढिल्या जोडात उष्णता आणखी वाढते. प्लॅस्टिक पिवळं पडलं किंवा करपल्याचा वास आला तर वापर तिथंच थांबवा. नुसतं सॉकेट बदलून भागत नाही. मेन बोर्डापासून स्वतंत्र, निदान 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढावी लागते, अर्थिंगसकट. अर्थिंगची पिन मुद्दाम लांब असते: ती आधी जोडली जाते आणि शेवटी सुटते.

(दृश्य : जुनी स्कूटर)

जुन्या स्कूटरच्या मॅग्नेटोतही, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागातही, पॉइंट असतो: उघडझाप करणारी धातूच्या टोकांची जोडी. त्यावर काजळी धरली किंवा अर्ध्या मिलिमीटरहून लहान असलेली त्याची फट बिघडली, की ठिणगी कमजोर पडते. मेकॅनिक तो बारीक पॉलिश पेपरनं घासतो आणि फीलर गेजनं, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्टीनं, फट पुन्हा लावतो.

(दृश्य : स्थानकाबाहेरचे सांधे)

रेल्वेचा पॉइंट म्हणजे सांधा. गाडीला दुसऱ्या मार्गावर वळवण्यासाठी मोटर एक निमुळता रूळ सरकवते. तो मुख्य रुळाला घट्ट चिकटायलाच हवा. तपासणीत दोन्हींच्या मध्ये 5 मिलिमीटरची पट्टी धरतात. तरीही सांधा लॉक झाला, तर तो सदोष. खडीचा तुकडा अडकला तरी सिग्नल लालच राहतो. लोकल खोळंबते, प्रवासी वैतागतात. पण यंत्रणेनं त्या वेळी नेमकं तिचं काम केलेलं असतं.