आलं का? आलं का?

नमस्कार, श्रोतेहो.

रेडिओवर बसून हा टीव्हीबद्दल काय बोलणार, असं वाटेल तुम्हाला. पण दूरदर्शन म्हणजे आमच्याच घरातलं धाकटं. १५ सप्टेंबर १९५९ला दिल्लीत जन्मलं ते आकाशवाणीच्या पोटी. १९७२ला मुंबई केंद्र झालं, १९७६ला वेगळी चूल मांडली, आणि १९९७पासून दोघं पुन्हा प्रसार भारतीच्या एका छपराखाली. आपली मराठी वाहिनी १९९४ची, 'सह्याद्री' हे नाव २०००चं. झाला इतिहास.

आता १९८७ साल. रविवार, सकाळचे साडेनऊ, 'रामायण'. पंचवटीतल्या आमच्या अख्ख्या वाड्यात एकच टीव्ही, शटरचा, ब्लॅक अँड व्हाइट. समोर चाळीसेक माणसं, दाराबाहेर चपलांचा ढीग. काही बायका हात जोडून बसायच्या. माझी नेमणूक कौलांवर, अँटेनापाशी.

त्या रविवारी शूर्पणखा आली. म्हणजे आपल्या गावचाच प्रसंग! लक्ष्मणानं नाक कापलं, नासिका पडली, म्हणून नाशिक; हे इथल्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. लक्ष्मणानं शस्त्र उचललं, आणि नेमकं एक माकड अँटेनावर बसलं. पडद्यावर नुसत्या मुंग्या.

"अरे, फिरव!"

मी माकडाला हाकललं, दांडा काळारामाकडे वळवला. "आलं का?" "आलं... आलं... गेलं!" गंगेकडे वळवला. "आलं का?" "होतं तेही गेलं!"

खाली शेजारच्या आजी वैतागल्या. "आमच्या गावचं नाक, अन् आम्हालाच दिसेना!" त्यांनी टीव्हीकडे पाठ केली आणि शूर्पणखेचा नाकातला आवाज काढून पुढची गोष्ट स्वतःच सुरू केली. सगळी मंडळी त्यांच्याकडे वळली. (हल्ली बातम्यांत आठ माणसं एकदम ओरडतात, आजी एकट्या पुरेशा होत्या.)

मी मात्र वर ओरडतोय, "आलं का? आलं का?" कोणी ओच देईना.

हं, दूरदर्शनच्या 'फ्री डिश' या फुकट सेवेचं सांगायचं राहिलंच. छत्री, म्हणजे डिश अँटेना, आणि पेटी, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, एकदाच घ्यायची, महिन्याचा रिचार्ज नाही. पुन्हा सांगतो, महिन्याचा रिचार्ज नाही. सह्याद्रीही दिसते. पंचवटीत राहत असाल, तर छत्री तेवढी घट्ट बसवून घ्या.

नमस्कार.