चूल धुमसते तेव्हा

सोलापुरात घरोघरी गॅस आला तरी चूल काही गेली नाही. परसात अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटतो, अंगणात ज्वारीच्या भाकरी होतात आणि कडक भाकरीचा धंदा करणाऱ्या कित्येक बायांची सगळी भिस्त चुलीवरच असते. म्हणून चुलीवरच्या चवीचे कौतुक आज बाजूला ठेवतो आणि तिच्या दुखण्यांविषयी बोलतो.

ही दुखणी बहुधा धुरातून कळतात. लाकूड तापले की त्यातून ज्वलनशील वायू निघतात, आणि आपण ज्याला जाळ म्हणतो तो या वायूंचाच असतो. पुरेशी उष्णता किंवा पुरेशी हवा मिळाली नाही, तर ते न जळता धूर होऊन डोळ्यांत जातात. तेव्हा धूर म्हणजे फुकट गेलेले सरपण, आणि तो दिसताच फुंकणी उचलण्याआधी त्याचे कारण शोधावे.

सर्वांत आधी लाकूड पाहावे. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते आणि ते उडवण्यातच बरीचशी आच खर्ची पडते. नीट जळण्यासाठी हे प्रमाण 20 टक्क्यांच्या खाली यावे लागते. वाळलेल्या ढलपीच्या टोकाला चिरा पडलेल्या असतात, साल सुटू लागते आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज येतो, तर ओल्या लाकडाचा आवाज बद्द असतो. तरीही एखादे ओले लाकूड चुलीत गेलेच, तर त्याच्या बाहेरच्या टोकाला फेस धरतो आणि बारीक सूं-सूं ऐकू येते. असे लाकूड सरळ ओढून बाजूला ठेवावे. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे बाभळीची लाकडे उन्हाळ्याआधीच फोडून, विटांवर उचलून, मधून वारा खेळेल अशी रचली तर वाळवणीचे अर्धे काम ऊनच करते. मात्र सोलापूरचा खरा पाऊस सप्टेंबरातला, आणि नेमके तेव्हाच सरपण उघडे पडलेले असते! झाकायचे ते फक्त वरून; चारी बाजूंनी प्लास्टिक गुंडाळले तर आतल्या आत ओल धरते. तुरकाट्या आणि पऱ्हाट्या पेटवणीला उत्तम, पण त्या भुरकन जळतात. जाळ धरून ठेवायला बाभूळच हवी.

लाकूड कोरडे असूनही धूर होत असेल, तर हवा कुठे अडते ते पाहावे. चुलीचे तोंड लाकडांनी ठासून भरलेले असते, जाळीखाली राख साठलेली असते किंवा भांडे इतके चपखल बसलेले असते की धूर निघायला फटच उरत नाही.

धुराडे असलेल्या चुलीत पहाटे धूर उलटा घरात येतो, कारण धुराड्यातली हवा गार आणि जड असते. धुराड्याच्या तळाशी आधी मूठभर वाळलेला कडबा जाळला की ओढ सुरू होते. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखाही धूर मागे ओढतो, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ओल्या लाकडाच्या धुराने धुराड्यात डांबरासारखा थर बसतो आणि तो पेटला की आत घरघर ऐकू येते. अशा वेळी धुराड्यात पाणी ओतू नये; जमल्यास चुलीचे तोंड बंद करून सर्वांनी बाहेर पडावे आणि 101 वर अग्निशमन दलाला कळवावे.

सर्वांत मोठा धोका मात्र धूर न दिसणाऱ्या निखाऱ्यांचा असतो. थंडीत बंद न्हाणीघरात बंब किंवा निजायच्या खोलीत शेगडी ठेवली, तर रंग-वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड साठतो. घरातल्या दोघा-तिघांचे एकाच वेळी डोके दुखू लागले, गरगरले किंवा मळमळले, तर पित्त समजून पडून राहू नये. आधी उघड्यावर यावे आणि मग 108 वर फोन करावा.

पेटत्या चुलीत रॉकेल ओतू नये आणि नायलॉनच्या साडीचा पदर खोचल्याशिवाय चुलीपुढे बसू नये. भाजलेच तर त्या जागेवर 20 मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट किंवा शाई लावू नये. राखेखाली निखारे दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतात, म्हणून राख झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात काढावी, तिच्यावर पाणी शिंपडावे आणि डबा कडब्याच्या गंजीपासून लांब ठेवावा.