पडद्यावरचं रूप आणि शिवणखात्यातले हात

श्रोतेहो, नमस्कार.

१९४६ साली आलेल्या 'गिल्डा' या चित्रपटातला काळा साटीनचा गाऊन तुमच्यापैकी अनेकांनी निदान छायाचित्रात तरी पाहिला असेल. रीटा हेवर्थ क्लबात गाते आहे, नाचते आहे, हातातला लांब मोजा सावकाश उतरवते आहे. गाऊनला बाही नाही, खांद्यावर पट्टी नाही. ती हात उंचावते, कमरेतून वळते, केस मागे टाकते, आणि गाऊन तसूभरही खाली सरकत नाही.

तो बेतला होता जाँ लुई यांनी. हे मूळचे पॅरिसचे, आणि त्या काळात कोलंबिया स्टुडिओच्या कपड्यांची जबाबदारी त्यांच्याकडे होती. बाहेरून दिसतं ते नुसतं झुळझुळीत साटीन. आत मात्र छातीखाली जाड फीत, टक्स, आणि तीन ताठ पट्ट्या: एक मधोमध, दोन दोन्ही अंगांना. शिवाय गॅसच्या ज्योतीवर मऊ केलेलं प्लास्टिक गाऊनच्या वरच्या काठाला आकार देऊन बसवलेलं. रीटाच्या मुलीचा जन्म १९४४च्या डिसेंबरातला, आणि चित्रीकरण १९४५च्या उत्तरार्धातलं. बाळंतपणानंतरचं पोट पुरतं उतरलं नव्हतं. ते झाकायला कमरेशी एका बाजूला मोठी गाठ दिली. आज त्याच गाठीचं सगळे कौतुक करतात.

हॉलिवूडच्या त्या काळाबद्दल बोलताना आपण नट्यांच्या देखणेपणाबद्दल बोलतो. त्या देखण्या होत्याच. पण पडद्यावर आपल्याला जे दिसतं, त्यातलं निम्मं तरी शिवणखात्यात तयार झालेलं आहे असं मला ठामपणे वाटतं. म्हणून आज त्या खात्यातल्या माणसांबद्दल.

एमजीएम स्टुडिओत १९२८ ते १९४१ या काळात एड्रियन नावाचे वेशभूषाकार होते. तिथली नटी जोन क्रॉफर्ड हिचे खांदे रुंद होते. दुसऱ्या कुणी ते लपवले असते. एड्रियननी त्यांना पॅड लावून आणखी रुंद केलं, म्हणजे कंबर आपोआप बारीक दिसू लागली. १९३२च्या 'लेटी लिंटन'मध्ये त्यांनी तिला पांढरा ऑर्गंडीचा, म्हणजे तलम पण ताठ सुती कापडाचा, पोशाख दिला, खांद्यावर झालरींचे थरच्या थर असलेला. अमेरिकेतल्या दुकानांत त्याच्या स्वस्त नकला भराभर विकल्या गेल्या. पुढे वाङ्मयचौर्याच्या खटल्यात स्टुडिओ हरला आणि तो चित्रपट कित्येक दशकं कुठे दाखवताच येईना. तरी तो पोशाख विसरला गेला नाही. जॉर्ज हरेल या छायाचित्रकारानं क्रॉफर्डची त्या पोशाखात छायाचित्रं काढली होती, त्यांनी तो जिवंत ठेवला.

याच एड्रियननी १९३३च्या 'डिनर ॲट एट'मध्ये जीन हार्लोला साटीनचा गाऊन घातला. तुमच्यापैकी ज्यांनी शिवण शिकली आहे, त्यांना उरेब कापड म्हटलं की लगेच कळेल. ताण्या-बाण्याला तिरपं कापलेलं कापड थोडं ताणलं जातं आणि अंगावर पाण्यासारखं बसतं. पॅरिसच्या पोशाखकार मादलेन व्हिओने यांनी हे तंत्र नावारूपाला आणलं आणि हॉलिवूडनं ते आनंदानं उचललं. कारणही सरळ होतं. चित्रपट कृष्णधवल, रंगाची मदत नाही. उजेड पकडायचा तर तो साटीननं, टिकल्यांनी, जरतारी कापडानं. फक्त अशा गाऊनमध्ये बसलं की चुण्या पडतात, म्हणून दोन शॉट्सच्या मध्ये नट्यांना तिरक्या फळीला टेकून उभं राहावं लागायचं. तासन्‌तास! त्या झगमगाटाची किंमत त्यांच्या पाठीनं आणि पोटऱ्यांनी मोजली आहे, हे विसरून चालणार नाही.

आता एडिथ हेड. बांधीव अंबाडा, कपाळावर कापलेले केस, गडद चष्मा. पॅरामाउंट स्टुडिओत नोकरी मागायला जाताना त्यांनी इतर विद्यार्थ्यांची रेखाटनं आपली म्हणून नेली होती, आणि पुढे हे त्यांनी स्वतःच सांगितलं. तिथं त्या ट्रॅव्हिस बॅन्टन यांच्या हाताखाली तयार झाल्या. मार्लिन डीट्रिचला 'शांघाय एक्सप्रेस'मध्ये काळ्या पिसांत गुरफटलं ते याच बॅन्टननी. १९३८ साली त्यांच्या जागी एडिथबाई आल्या.

त्यांचं खरं कसब पाहायचं तर १९४१चा 'द लेडी ईव्ह' पाहा. बार्बरा स्टॅनविकच्या कमरेची ठेवण जरा खाली होती, त्यामुळे तिला झगमगीत कपडे शोभत नाहीत असा समज होता. एडिथबाईंनी कमरपट्टा पुढून रुंद आणि मागून अरुंद केला. एवढंच. बाई एकदम डौलदार दिसू लागली. असं डोळ्यांत न भरणारं काम मला पुरस्कार मिळालेल्या कामांपेक्षाही मोठं वाटतं.

पुरस्कार तर त्यांना भरपूर मिळाले. वेशभूषेचं ऑस्कर १९४८च्या चित्रपटांपासून सुरू झालं, त्यामुळे एड्रियनना ते कधीच मिळालं नाही. एडिथ हेड यांनी आठ पटकावली. याच विभागात पुढे 'गांधी' चित्रपटासाठी आपल्या कोल्हापूरच्या भानू अथय्या यांनी जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर मिळवलं, भारताचं पहिलं.

पण एडिथबाईंच्या आठांपैकी एकाबद्दल मला बोलायलाच हवं. ते म्हणजे १९५४च्या 'सबरिना'चं. त्यातली नायिका पॅरिसहून परतते ती पार बदलून, म्हणून दिग्दर्शकाला कपडे खरोखर पॅरिसचे हवे होते. १९५३च्या उन्हाळ्यात नायिकेचं काम करणारी ऑड्री हेपबर्न तिथं युबेर द जिव्हाँशी या पोशाखकारांकडे गेली. मिस हेपबर्न येणार म्हटल्यावर त्यांना वाटलं प्रसिद्ध नटी कॅथरिन हेपबर्न येणार! दारात उभी होती एक सडपातळ, अनोळखी मुलगी. नवीन कपड्यांच्या गडबडीत वेगळं काही शिवायला सवड नव्हती, तेव्हा तिनं तयार असलेल्यातूनच निवडले. त्यात एक काळा पोशाख होता, ज्याला आपण बोट नेक म्हणतो तसल्या गळ्याचा, दोन्ही खांद्यांवर छोट्या गाठी असलेला. तिच्या गळ्याची वर आलेली हाडं त्या गळ्यानं झाकली आणि मान उंच दिसली.

चित्रपटाच्या श्रेयनामावलीत जिव्हाँशींचं नाव नव्हतं. ऑस्कर एडिथबाईंनी घेतलं आणि त्यांचा उल्लेखही केला नाही. एडिथ हेड मला फार थोर वाटतात, पण हे त्यांनी चुकीचं केलं. पुढे ऑड्रीनं जिव्हाँशींनाच आपले कपडे करायला लावले, नावानिशी, आणि ती मैत्री तिच्या मृत्यूपर्यंत, १९९३पर्यंत टिकली.

आणि ज्यांची नावं कुठेच आली नाहीत त्यांचं काय? प्रत्येक मोठ्या नटीच्या मापाचा एक कापडी पुतळा स्टुडिओत असायचा. नटीचं वजन बदललं की पुतळ्यावरचं भरणही बदलायचं. त्या पुतळ्यांभोवती बायका मणी ओवत, टिकल्या टाचत बसायच्या. १९५६ साली अभिनेत्री ग्रेस केलीच्या लग्नाचा पोशाख हेलन रोज यांनी बेतला, एमजीएमची ती भेट. वेलबुट्टीची जाळी आणि रेशीम जोडायला सुमारे तीन डझन माणसं सहा आठवडे राबली. पोशाख आज फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात आहे. हेलन रोज यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे; त्या तीन डझनांतलं एकही आपण सांगू शकत नाही.

स्टुडिओंनाही या कपड्यांची किंमत नव्हती. १९७० साली एमजीएमनं आपला साठा लिलावात काढला. डेबी रेनॉल्ड्स या अभिनेत्रीनं त्यातलं बरंच विकत घेऊन ठेवलं. कायमचं संग्रहालय उभारायची तिची इच्छा होती, ती पुरी झाली नाही, आणि २०११ साली तिला तो संग्रह विकावा लागला. याच संग्रहातला, पण दुसऱ्या स्टुडिओचा, मॅरिलिन मन्रोचा पांढरा, वाऱ्यानं उडणारा पोशाख लाखो डॉलर्सना गेला. तो केला होता विल्यम ट्रॅविला यांनी.

जाता जाता आणखी एका लिलावाची हकिकत. ऑड्रीच्या 'ब्रेकफास्ट ॲट टिफनीज'साठी केलेला एक काळा पोशाख जिव्हाँशींनी फ्रेंच लेखक दोमिनिक लापिएर यांना देऊन टाकला. लापिएर कोलकात्याच्या गरिबांसाठी काम करत होते. डिसेंबर २००६मध्ये लंडनच्या क्रिस्टीज या लिलावगृहात त्या पोशाखाला ४,६७,२०० पौंड आले, अपेक्षेच्या कितीतरी पट. लापिएर यांनी तिथंच सांगून टाकलं की या पैशांतून आता विटा आणि सिमेंट घ्यायचं आहे, गरीब मुलांच्या शाळांसाठी.

नमस्कार.