फोन करणाऱ्यांसाठी

नमस्कार श्रोतेहो.

हे बोलणं आत्ता काही जण गाडीत ऐकत असतील. त्यांच्या मनात पहिली शंका अशी येईल, की गाडी चालवताना फोनवर बोलू नका असं हा गृहस्थ आता सांगणार, आणि सांगतोय कुठून, तर आमच्याच गाडीतल्या रेडिओवरून! मग रेडिओनं लक्ष जात नाही का?

शंका रास्त आहे, आणि ती तपासूनही झाली आहे. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर 2001मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर एक ठिपका हलत राहतो, त्याच्या मागे मागे जायचं आणि मध्येच लाल दिवा चमकला की ब्रेकचं बटण दाबायचं, एवढंच काम. रेडिओ ऐकणाऱ्यांच्या कामात फरक पडला नाही. फोनवर बोलणाऱ्यांनी मात्र एरवीच्या दुपटीनं लाल दिवे चुकवले, आणि जे दिसले त्यांच्यावरही ब्रेक उशिरा दाबला. फोन हातात धरलेला असो की हात मोकळे असोत, फरक नाही.

कारण साधं आहे. रेडिओ तुमच्याकडून उत्तर मागत नाही. मी इथे कितीही बडबडलो तरी समोर ट्रक आला की तुम्ही मला वाऱ्यावर सोडता. मला त्याचा पत्ता लागत नाही आणि रागही येत नाही. फोनवर सासरेबुवांना असं सोडून बघा!

म्हणजे मुद्दा हाताचा नाही. आपल्याकडे हा समज पक्का बसलाय, की ब्लूटूथ लावलं, कानात बड खुपसला, की झालं. कॅनडात टोरांटोला 1997मध्ये एक अभ्यास झाला. ज्यांच्याकडे मोबाइल होता आणि ज्यांच्या गाडीचा अपघात झाला होता, अशा 699 चालकांची फोनची बिलं तपासली गेली. अपघात किती वाजता झाला आणि त्याच्या जरा आधी फोन चालू होता का, एवढंच ताडून पाहिलं. फोन चालू असताना अपघाताचा धोका जवळजवळ चौपट निघाला, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनचा फायदा दिसला नाही. पुढे ऑस्ट्रेलियात पर्थला अपघातानंतर इस्पितळात आलेल्या चालकांचा अभ्यास झाला. 2005मध्ये तो छापून आला, त्यातही चौपटच.

डोळे रस्त्यावर असतात, हेही खरं. स्ट्रेयर यांच्याच गटानं पुढे चालकांच्या नजरेचा माग काढला. फोनवर बोलणारा माणूस रस्त्याकडेच्या फलकाकडे चांगला बघतो, नजर त्यावर टेकते. नंतर तोच फलक दाखवून विचारलं तर त्याला तो पाहिल्याचं आठवतच नाही. बघतो, पण दिसत नाही. अपघातानंतर ‘अहो, तो एकदम कुठून आला कळलंच नाही’ असं चालक म्हणतात ना, ते दर वेळी खोटं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, शेजारी बसलेल्या माणसाशीही आपण बोलतोच की. बोलतो. पण आंबा घाटातून रत्नागिरीकडे उतरतोय, शेजारी बहीण बसलीय, तिच्या मुलाच्या ॲडमिशनचं पुराण चाललंय, अशी कल्पना करा. वळणावर समोरून ट्रक अंगावर येतो. बहीण वाक्य अर्धवट टाकते. ‘अरे, हळू’ म्हणते. ट्रक निघून गेल्यावर पुन्हा ‘तर काय सांगत होते...’ तिथून सुरू. तिच्यापुढे तोच रस्ता आहे. फोनवरच्या माणसापुढे काय असतं? त्याच्यापुढे त्याचं दिवाणखान्यातलं कपाट असतं. ट्रक त्याला दिसत नाही, आणि तुम्ही दोन क्षण गप्प झालात तर तो लगेच ‘हॅलो? हॅलो? ऐकू येतंय का?’ असं ओरडायला लागतो. नेमकं तेव्हाच तुमचं लक्ष रस्त्याकडे हवं असतं.

हेही तपासलंय, याच युटा विद्यापीठात. महामार्गावरून जायचं आणि ठरलेल्या विश्रांतीच्या थांब्याला गाडी बाहेर काढायची, असं काम दिलं. फोनवर बोलणाऱ्यांपैकी निम्मे जण तो थांबा सोडून पुढे निघून गेले. शेजारी मित्र बसवून गप्पा मारणाऱ्यांपैकी बहुतेक जण बरोबर वळले, कारण थांबा आल्याची आठवण तो मित्रच करून देत होता.

म्हणून आज माझं बोलणं गाडी चालवणाऱ्यांना उद्देशून कमी आहे. त्यांना सांगून सगळे दमले: पोलीस, शाळा, फलक. मला बोलायचंय घरी, दुकानात, ऑफिसात बसून त्यांना फोन लावणाऱ्यांशी. त्या बोलण्याची दुसरी बाजू आपल्या हातात असते.

पुण्यात संध्याकाळी नळ स्टॉपच्या चौकात उभे राहा. सिग्नल लागलेला असतो. शंभर दुचाक्या. त्यात एकाचा फोन हेल्मेट आणि गाल यांच्यामध्ये कोंबलेला असतो, एकीनं तो स्कार्फच्या आत कानाशी बांधून टाकलेला असतो, आणि एक जण मान वाकडी करून खांदा नि कान यांत फोन दाबून धरतो. हा तिसरा सर्वांत धोक्याचा. सिग्नल सुटला की तो मान सरळ न करताच निघतो. आता उजव्या आरशात त्याला काही दिसत नाही, मागून येणारी पीएमपीची बस तर नाहीच. कान देऊन ऐकलं तर या तिघांची बोलणी काय असतात? ‘हो, आणतो. अर्धा लिटर ना? कोथिंबीर पण? बरं.’ ‘निघालोय रे, पाच मिनिटांत पोचतोच.’ ‘नाही सर, फाइल टेबलावरच ठेवलीय.’ कोणाच्या जिवावर बेतलेलं काम नाही. दुसऱ्या टोकाला कोणीतरी उगाच विचारलेलं असतं, ‘कुठपर्यंत आलास?’

हा ‘कुठपर्यंत आलास’ आपल्या घरोघरचा आहे, आणि तो काळजीतून येतो हे मला मान्य आहे. पोरगं रात्री बाइकवरून निघालं की आईला चैन पडत नाही. पण फोन घेतला नाही तर ती पुन्हा लावते, मग बाबा लावतात, मग बहीण. खिशात फोन थरथरत राहतो. पोरगं शेवटी एका हातानं फोन काढतंच. ताशी साठच्या वेगात गाडी एका सेकंदाला साडेसोळा मीटर जाते. फोन काढून, नाव वाचून, बोट फिरवायला पाच सेकंद लागले असं धरा. तेवढ्यात ऐंशी मीटरपेक्षा जास्त रस्ता मागे पडलेला असतो, म्हणजे एकापुढे एक चार क्रिकेटच्या खेळपट्ट्या, आणि त्यावर कोण आलं नि कोण गेलं हे त्या पोराला माहीत नाही.

कायदा काय म्हणतो, तेही सांगून टाकतो. 2019च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184खाली, चालवताना हातात फोन धरून वापरणं हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. पहिल्या वेळी एक हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलात तर दंड दहा हजारांवर जातो आणि कैदेची मुदत दोन वर्षांपर्यंत. 1 ऑक्टोबर 2020पासून रस्ता दाखवण्यापुरता फोन वापरायला मुभा आहे, तीही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा बेतानं. कायदा हातात धरलेल्या फोनवर बोट ठेवतो, आणि प्रयोग सांगतात की गोची डोक्यात आहे. तेव्हा ‘माझं हॅन्ड्सफ्री आहे’ हे पोलिसापुढे एखादे वेळी चालेल. ट्रकपुढे चालणार नाही.

आकड्यांबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. 2022मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. सरकारी अहवालात मोबाइलमुळे झालेले मृत्यू शंभरात दोनच्या आसपास दिसतात, आणि अतिवेगाचे मात्र सत्तरच्या वर. हे वाचून काही जण निश्चिंत होतात. पण पंचनाम्यात वेग लिहिणं सोपं असतं. गाडीचा चेंदामेंदाच ते सांगतो. फोन चालू होता हे कोण सांगणार? चालक जिवंत असला तर तो सांगत नाही, आणि गेला असेल तर फोन कुठेतरी गवतात पडलेला असतो.

प्रवाशांचंही थोडं. मार्च 2025मध्ये दादरहून स्वारगेटला निघालेल्या ई-शिवनेरीचा चालक एका हातात स्टिअरिंग आणि समोर मोबाइलवर क्रिकेटची मॅच, असा बस चालवत होता. एका प्रवाशानं त्याचं चित्रण करून थेट परिवहनमंत्र्यांना पाठवलं. चालकाला कामावरून काढलं गेलं आणि ज्या खासगी कंपनीचा तो होता तिला पाच हजारांचा दंड झाला. पाच हजार! बसभर माणसांच्या जिवाचे पाच हजार. पण त्या प्रवाशाचं मला कौतुक वाटतं. बाकीचे बसलेच होते ना? आपण वडापमध्ये बसतो, ड्रायव्हर एका हातानं फोनवर मेसेज टाइप करतो, आणि आपण संकोचानं खिडकीबाहेर बघतो. ‘दादा, फोन ठेवा, नाहीतर गाडी बाजूला घ्या, आम्ही थांबतो.’ एवढं म्हणायला हरकत नसावी. ‘आम्ही थांबतो’ हे जोडलं की ड्रायव्हर सहसा चिडत नाही.

एका माणसाला मात्र मी फोन ठेव असं सहज म्हणू शकत नाही. जेवण पोचवणारा पोरगा. त्याचं पोट फोनवर आहे. ऑर्डर फोनवर, पत्ता फोनवर, आणि आपण तिसऱ्या मजल्यावरून ‘अहो, किती वेळ? डाव्या गल्लीत या, नाही, त्या पुढच्या’ असं चालू गाडीवर सांगत राहतो. इथे बदल आपणच करायचा. ऑर्डर करतानाच इमारतीचं नाव, गेट, जवळची खूण नीट लिहा. वाट चुकला तर तो गाडी थांबवून फोन करील. तोपर्यंत आपण करू नये.

घरच्यांसाठी एकच सुचवतो. फोन उचलला गेला आणि मागून हॉर्न ऐकू आला, तर पहिलं वाक्य ‘गाडीवर आहेस का?’ हे. ‘हो’ म्हटलं की ‘पोचल्यावर कर’ म्हणून ठेवून द्या. तो ‘बोल, बोल, काही नाही होत’ म्हणेल. तरी ठेवा. आणि निघतानाच ठरवून टाका, की अमुक वेळेपर्यंत पोचल्याचा मेसेज आला नाही तरच घरातला एकच माणूस फोन करील, तिघं नाही. आजकाल बहुतेक फोनमध्ये गाडी चालवताना लावायची सोयही असते. ती लावली की ‘मी गाडी चालवतोय, नंतर बोलतो’ असा मेसेज आपोआप जातो. ज्यांना ते जमत नाही त्यांना घरातल्या पोरानं दोन मिनिटांत लावून द्यावं. आजोबांच्या फोनमध्ये आजच.

वेळ संपलीय, रजा घेतो. नमस्कार.