ड्रुपेला: प्रवाळ सोलणारी गोगलगाय

[दृश्य: निंगालू प्रवाळ खडक, पश्चिम ऑस्ट्रेलिया. फांद्यांचं प्रवाळ, बुडाशी पांढरा पट्टा.]

हा पट्टा नीट पाहा. पाणी तापलं की प्रवाळ पांढरं पडतं, पण तेव्हा रंग गेलेला असतो, मांस शाबूत असतं. इथे मांसच उरलेलं नाही. हा उघडा सांगाडा आहे.

[दृश्य: टॉर्चच्या उजेडात फांद्यांचं बेचकं.]

आणि खाणारी इथेच दडली आहे. ड्रुपेला. शंख दोन ते चार सेंटीमीटरचा, त्यावर बहुधा गुलाबी शैवाळाचा थर, त्यामुळे सरावलेली नजरही चुकते. दिवसा ती बुडाशी बसते, अंधार पडला की वर सरकते आणि कानशीसारख्या दातेरी पट्टीने मांस खरवडते. उघड्या पडलेल्या जागेवर काही दिवसांतच शैवाळ चढतं. मग प्रवाळाला ती जागा परत मिळवणं जड जातं.

एकटी-दुकटी ड्रुपेला निरोगी प्रवाळ खडकावरही असतेच, तिचा त्रास नाही. त्रास झुंडीचा. जखमी प्रवाळाच्या वासाने आणखी गोगलगायी येतात, जखम वाढते, वासही वाढतो. १९८०च्या दशकात निंगालूवर हेच झालं. काही भागांत जिवंत प्रवाळाचा सुमारे तीन चतुर्थांश हिस्सा गेला. पहिला घास ॲक्रोपोरा आणि मॉन्टिपोरा या प्रवाळांचा.

झुंडी का उसळतात, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. गोगलगायी खाणारे मासे कमी झाले, हे एक कारण सांगितलं जातं. एवढं मात्र दिसतं की प्रवाळ आधीच मेलेलं असेल, तर उरलेल्या थोड्या वसाहतींवर, म्हणजे प्रवाळाच्या एकेका झुडपावर, सगळ्या तुटून पडतात.

[दृश्य: पोसिलोपोराच्या फांद्यांत छोटा खेकडा.]

हा ट्रॅपेझिया. पोसिलोपोरासारख्या फांद्यांच्या प्रवाळात राहतो, तिथलंच खातो. गोगलगाय चढू लागली की नांग्यांनी तिला हुसकावतो. माणसाच्या चिमट्यापेक्षा हा राखणदार कामाचा.

तरी झुंड झाली की गोगलगायी वेचून काढायला चिमटा लागतोच, पण परवानगी घेऊन. लांब टोकाचा चिमटा, बंद होणारी जाळीची पिशवी, आणि किती काढल्या याची वसाहतीगणिक नोंद. फांदी वाकवायची नाही; मोडली की ताज्या जखमेवर नव्या गोगलगायी येतात. शेजारच्या वसाहतींची बुडंही तपासायची. सगळ्यात जास्त फसगत होते ती पिल्लांमुळे: काही मिलिमीटरची पिल्लं फांद्यांच्या खोल फटींत राहून जातात. वरून साफ दिसणारी वसाहत म्हणूनच काही आठवड्यांनी पुन्हा तपासावी लागते.