खर्ज जागचा हलतो तेव्हा: बेस गिटार कानानं शिकताना

बेस गिटार कानानं शिकायची म्हटलं की पहिला प्रश्न बोटांचा येतो. कुठली तार, कुठला फ्रेट (दांडीवरची धातूची आडवी पट्टी)? तो प्रश्न आज थोडा मागे ठेवू, कारण अडतं ते त्याच्याही आधी. गाण्यातला बेस नीट ऐकूच येत नाही, आणि आला तरी आपला कान त्याला भलत्या जागी बसवतो.

ऐकू का येत नाही ते आधी पाहू. चार तारांच्या बेसवर जाडीकडून बारकीकडे ई, ए, डी, जी अशा तारा असतात. मोकळ्या, म्हणजे कुठेही न दाबलेल्या, तारांची कंपनं सेकंदाला अनुक्रमे ४१.२, ५५, ७३.४ आणि ९८. जी तारेवर बाराव्या फ्रेटपर्यंत वर गेलात तरी १९६. मोबाइलच्या बारीक स्पीकरमधून २०० च्या खालचं फारसं काही बाहेर पडत नाही. तरीही फोनवर बेस ऐकू आल्यासारखा वाटतो. तंबोरा जुळवणाऱ्याला याचं नवल वाटणार नाही. खर्जाची तार छेडली की तिच्यातून स्वयंभू गंधार उमटतो ना, तेच इथे घडतं. बेसच्या तारेतूनही दुप्पट कंपनांचा वरचा षड्ज, तिप्पट कंपनांचा पंचम, पाचपट कंपनांचा गंधार निघत असतो. फोन हे वरचे स्वर देतो आणि त्यांवरून मेंदू खालचा मूळ स्वर ताडतो. हा अंदाज बहुधा बरोबर येतो, पण चुकतो तेव्हा दोनच तऱ्हांनी चुकतो. एक तर सप्तक चुकतं, नाहीतर तो वरचा पंचमच मूळ स्वर समजला जातो. नवशिक्यांकडून ‘सा’च्या जागी ‘प’ वाजतो तो बऱ्याचदा यामुळे.

म्हणून कान पूर्ण झाकणारे हेडफोन हवेत. महागडे नसले तरी चालतील. तेवढ्यानं भागलं नाही, तर गाण्याचा स्वर आणि वेग बदलणाऱ्या ॲपमध्ये गाणं १२ स्वरांतरांनी, म्हणजे एका सप्तकानं, वर चढवा. गायकाचा आवाज विचित्र होईल, त्याकडे दुर्लक्ष करा. ४१ चा स्वर ८२ वर येतो आणि धूसर गुरगुरीतून स्पष्ट ओळ बाहेर येते. वेग कमी करायचा तर मूळच्या ७५ टक्क्यांपर्यंतच करा. निम्म्यावर आणलंत की खालचे स्वर फिस्कटतात, एकाची शेपटी दुसऱ्यात मिसळते.

आता गाण्याची पट्टी. वाद्य हातात घ्यायच्या आधी बेसची ओळ गुणगुणा. आपला गळा इतका खाली जात नाही, तेव्हा एक-दोन सप्तकं वर गुणगुणा, चालेल. गळ्यात न आलेली ओळ बोटं शोधायला लागली की ती फ्रेटवर नुसती चाचपडतात, आणि लागलेला स्वर पुढच्याच आवर्तनात हातून निसटतो. गाणं संपताना जिथे विसावतं तो सा. तो ई तारेवर शोधा, तिथे एका ओळीत बाराही स्वर मिळतात. सा दोन फ्रेटांच्या मध्ये लोंबकळत असेल, तर तुमचा कान दोषी नाही. जुन्या ध्वनिमुद्रणांत टेपचा वेग कमीजास्त झालेला असतो. एका फ्रेटचं अंतर १०० सेंट, त्या हिशेबानं ॲपमधून गाणं २०-३० सेंट सरकवा किंवा बेसच त्या गाण्याला जुळवून घ्या. फ्रेटवर जोर देऊन स्वर ओढत बसू नका.

तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाची खरी परीक्षा याच्या पुढे आहे. आपल्या रागसंगीतात खर्ज हलत नाही. वरचा प्रत्येक स्वर त्या एकाच सा शी नातं सांगतो. बँडच्या संगीतात जमीनच सरकते, आणि ती सरकवणारा बेस असतो. हे शब्दांनी कळत नाही, म्हणून एक प्रयोग करा. पेटीवर पांढरी एकचा सा धरून ठेवा. बेसवर ए तारेच्या तिसऱ्या फ्रेटला सा वाजवा; दोन्ही एकजीव होतील. मग ई तारेचा पाचवा फ्रेट, म्हणजे मंद्र ध. पेटीवर काहीच बदललेलं नाही, तरी तो सा एकदम उदास वाटतो, कारण या ध पासून मोजला तर तो कोमल गंधार होतो. मग ई तारेचा पहिला फ्रेट, मंद्र म. आता तोच सा पंचम होऊन ऐसपैस बसतो. शेवटी तिसरा फ्रेट, मंद्र प. सा आता त्याचा मध्यम होतो आणि निषादावर उतरायला बघतो. हे चार रंग डोळे मिटून ओळखता यायला हवेत. रोज दहा मिनिटं, आणि दुसऱ्या कुणाकडून क्रम उलटसुलट करून वाजवून घ्या. फ्रेट पाठ करण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त आहे, कारण सा-ध-म-प हा क्रम असंख्य गाण्यांत येतो. पांढरी दोनमध्ये गेलात की तीच आकृती दोन फ्रेट वर सरकते: ए तारेचा पाचवा, मग ई तारेचे सातवा, तिसरा आणि पाचवा.

गाणं उतरवताना चार मात्रांची चार आवर्तनं एवढाच तुकडा लूपवर लावा. पहिल्या फेरीत फक्त समेवरचे स्वर पकडा, मधलं सगळं सोडा. स्वर बरोबर लागला हे कसं ठरवायचं? तो नुसता जुळतो का ते पाहू नका, विरघळतो का ते पाहा. योग्य स्वर गाण्यातल्या बेसमध्ये नाहीसा होतो. पंचम जुळतो खरा, पण वेगळा ऐकू येत राहतो. एका फ्रेटची चूक असेल तर लांब स्वरांवर घुमघुम ऐकू येते. मोकळी ई आणि तिच्या पहिल्या फ्रेटवरचा एफ एकत्र वाजले तर ती सेकंदाला साधारण अडीच वेळा येते.

कधी कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार स्वर) ओळखीची असते, पण बेस तिच्या मूळ स्वरावर नसतो. सा ची कॉर्ड वर, खाली ग. गिटारवादकाकडून कॉर्ड विचारून घेणारे इथे हमखास फसतात. कॉर्डचं नाव बाजूला ठेवा आणि सगळ्यात खाली काय वाजतंय तेवढंच ऐका.

मधल्या स्वरांत फार मोठं रहस्य नसतं. पंचम पुढच्या बारीक तारेवर दोन फ्रेट वर, वरचा सा दोन तारा ओलांडून दोन फ्रेट वर, आणि पुढच्या स्वराच्या एक फ्रेट खालून किंवा वरून घेतलेली पायरी. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीत साठच्या दशकात जेम्स जेमरसन उजव्या हाताच्या एकाच तर्जनीनं वाजवत आणि मोकळ्या तारांचा वापर वाटेतल्या पायरीसारखा करत. त्यांची ओळ उतरवताना मोकळी तार ओळखता आली नाही, तर डावा हात उगाच लांब उड्या मारत बसतो. मोकळ्या तारेचा आवाज जास्त खणखणीत असतो आणि दाबून न धरता रेंगाळतो. त्यावरून वादकाचा हात कुठे होता ते कळतं.

स्वर सगळे बरोबर आणि तरी गाणं चालत नाही, अशी तक्रार असते. तेव्हा स्वराची सुरुवात सोडून त्याचा शेवट ऐका. तो पुढच्या मात्रेपर्यंत टिकतो, की स्नेअर (ड्रम सेटमधला कडक आवाजाचा ड्रम) वाजायच्या आत तोडला जातो? तोडायचा असेल तर डाव्या हाताचं बोट तारेवरून उचलू नका, नुसता दाब सोडा. न वाजणाऱ्या जाड तारांवर उजव्या हाताचा अंगठा टेकलेला असू द्या, नाहीतर त्या आपोआप गुंजतात आणि सगळं गढूळ होतं. मग किक ड्रम (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेस एकत्र पडतात का, की बेस किंचित मागून येतो, ते त्याच चार आवर्तनांवर पुन्हा तपासा.